अनंत, एक्झोरा, जास्वंद दर हिवाळ्यात पुन्हा पिवळे पडतात? आधी बादलीतलं पाणी तपासा

शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खालची जुनी पानं ठणठणीत. लोह घातलं की पंधरा दिवसांत झाडाला तरतरी येते आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा तेच. अनंत आणि एक्झोरा यांचं तर हे ठरलेलंच, पण जास्वंद, गुलाब आणि कधीकधी मोगऱ्यालाही हे होतं. तुमच्या कुंड्यांत दरवर्षी दिवाळीनंतर हे सुरू होत असेल आणि पावसाळ्यात आपोआप निवळत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

माझा अनंत कोकणातल्या देवरुखजवळच्या आजोळहून आलेला. मामीने कलम बांधून दिलं होतं. तिच्या अंगणात, जांभ्याच्या तांबड्या मातीत, तो कुणी काही न घालता जूनमध्ये फुलांनी भरतो. पुण्यात माझ्या गच्चीवर त्याला पहिल्या पावसाळ्यात आठ फुलं आली. जानेवारीत शेंडे पिवळे. फेब्रुवारीत नवीन पान जवळजवळ पांढरंच उमलायचं आणि कडा करपायच्या. कळ्या धरायच्या, हिरव्या असतानाच देठापासून सुटायच्या. सलग तीन हिवाळे हेच झालं. मी शेणखत घातलं, एप्सम सॉल्ट घातलं, चहाचा चोथा घातला, नर्सरीवाल्याने दिलेलं "मायक्रोन्यूट्रिएंट" घातलं. कुंडी बदलली, मातीही बदलली. बदलली नाही ती एकच गोष्ट, ती म्हणजे बादली.

आधी रोग नीट ओळखा

पिवळं पान म्हणजे लोहाची कमतरता, असं धरून चालू नका. नत्र (नायट्रोजन) कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात, आणि शिरांसकट अख्खं पान पिवळं होतं. मॅग्नेशियम कमी पडलं तरीही सुरुवात जुन्या पानांपासूनच होते, फक्त तिथे शिरांच्या मधला भाग पिवळा दिसतो. एप्सम सॉल्ट याच दुखण्याला लागू पडतं. लोहाचं तसं नाही. झाड एकदा पानात बसवलेलं लोह काढून दुसरीकडे नेत नाही, म्हणून टंचाई झाली की नव्या पानालाच झळ बसते. ऊस आणि भुईमूग करणारे शेतकरी याला "केवडा पडला" म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे, पान केवड्याच्या रंगाचंच होतं.

खात्री करायची एक सोपी रीत आहे. एक लिटर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवा. बोटाने किंवा मऊ कुंचल्याने एकाच फांदीच्या दोन-तीन पिवळ्या पानांच्या अर्ध्या भागावर ते लावा, उरलेला अर्धा भाग कोरडा ठेवा. संध्याकाळी करा, उन्हात नको. आठ-दहा दिवसांनी बघा. माझ्या अनंताच्या पानावर जिथे जिथे थेंब थांबला होता तिथे तिथे हिरवे ठिपके उठले होते, आणि मधल्या शिरेच्या पलीकडचा अर्धा भाग तसाच पिवळाधमक. असं दिसलं की रोग लोहाचा. काहीच फरक नसेल तर कुंडीच्या तळाचं भोक बुजलंय का, मुळं काळी पडून कुजली आहेत का, हे आधी तपासा. पाणी तुंबलेल्या कुंडीतही शेंडे असेच पिवळे पडतात आणि त्यावर सामूचा, म्हणजे मातीच्या पीएचचा, कुठलाच इलाज चालत नाही.

मातीत लोह असतंच, ते कुलपात असतं

आपली काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली आहे, आणि त्या खडकात लोह भरपूर असतं. तरीही झाड उपाशी राहतं, ते सामूमुळे. सामू म्हणजे पीएच. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर विम्लधर्मी. हे मोजमाप दसपटीचं आहे: सामू ६ असलेली माती ७ वाल्यापेक्षा दहापट आम्ल असते. आणि लोहाच्या बाबतीत तर फरक आणखी मोठा. सामू एकाने चढला की मातीच्या पाण्यात विरघळलेल्या फेरिक लोहाचं प्रमाण हजारपटीने घटतं. कोकणातल्या जांभ्याच्या मातीचा सामू साधारण ५.५ ते ६.५ असतो. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीचा ७.५ ते ८.५. मामीचं अंगण आणि माझी गच्ची यांच्यात अंतर एवढं आहे.

अनंत आणि एक्झोरा यांना ५ ते ६ च्या आसपास बरं वाटतं. जरबेरा ५.५ ते ६.५, गुलाब आणि शेवंती ६ ते ६.५, जास्वंद ६ ते ६.८. कण्हेर, निशिगंध, झेंडू, सदाफुली यांना चुनखडी बऱ्यापैकी चालते. तुमच्याकडे एकाच पाण्यावर सदाफुली बहरतेय आणि शेजारचा एक्झोरा पिवळा पडतोय, तर कोडं काहीच नाही.

मग पुन्हा पुन्हा का होतं?

हे मला मावळातल्या एका पॉलिहाऊसवाल्याने विचारलेल्या प्रश्नामुळे कळलं. तळेगाव भागात गुलाब-जरबेरा करणारी मंडळी सामूवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात, कारण त्यांचं पोट त्यावर आहे. मी पिशवीत बांधून माती नेली होती. त्याने पिशवी उघडलीसुद्धा नाही.

"ताई, मातीचं नंतर बघू. पाण्याचा रिपोर्ट आहे का?"

नव्हता. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात नळाचं पाणी पुरतं. दिवाळीनंतर त्यात बोअरचं मिसळायला लागतं, आणि फेब्रुवारीपासून जवळजवळ सगळं बोअरचं किंवा टँकरचं. घरातल्या किटलीच्या तळाला पांढरी खपली धरते, बाथरूमच्या नळाला टोकाशी पांढरे खडे चिकटतात, कुंडीच्या बाहेरच्या अंगाला खडूसारखा थर येतो. मी तो थर सुरीने खरवडून त्यावर व्हिनेगर टाकलं. लगेच फसफसला. म्हणजे चुनखडी. हे सगळं रोज डोळ्यांसमोर होतं.

प्रयोगशाळेतून पाण्याचा रिपोर्ट आला. सामू ७.६, बायकार्बोनेट, म्हणजे पुढे ज्याची चुनखडी होते तो पाण्यात विरघळलेला क्षार, लिटरला ३५० मिलिग्रॅम. माझी नजर ७.६ वर गेली आणि वाटलं, फार वाईट नाही. चूक तिथेच होते. पाण्याचा सामू त्या क्षणाची अवस्था सांगतो, पण कुंडीतल्या मातीला पुढे काय करणार ते बायकार्बोनेट सांगतं. सामू ८ असलेलं पण हलकं, म्हणजे बायकार्बोनेट कमी असलेलं, पाणी झाडाला फारसं नडत नाही. ७.४ चं जड पाणी मात्र रोज थोडी थोडी चुनखडी टाकत राहतं. बायकार्बोनेट १०० च्या आत असेल तर निर्धास्त राहा, २०० च्या वर गेलं की आम्लप्रेमी झाडांना त्रास होणारच. काही रिपोर्टांत हा आकडा नसतो, त्याऐवजी एकूण अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात दिलेली असते. तिला १.२२ ने गुणा, बायकार्बोनेट मिळेल.

माझ्या कुंडीचा हिशेब मी कागदावर मांडला. रोज दीड लिटर पाणी, ऑक्टोबर ते मे असे २४० दिवस, म्हणजे ३६० लिटर. त्यातून आलेलं बायकार्बोनेट १२६ ग्रॅम. चुनखडीच्या भाषेत जवळजवळ १०० ग्रॅम. एका १२ इंची कुंडीत, एका हंगामात. नवी माती, नवं कोकोपीट, काहीही भरा, मार्चपर्यंत तिचा सामू चढणारच. कोकोपीटमध्ये तर लवकर चढतो, कारण त्याचं वजन कमी आणि सामू धरून ठेवायची ताकदही मातीपेक्षा कमी.

एक गोष्ट मी स्वतः आणखी बिघडवत होते. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ फिल्टरचं बाहेर टाकलेलं पाणी मी बादलीत साठवून नेमकं याच झाडांना घालायचे. आरओ स्वच्छ पाणी वेगळं काढतो, म्हणजे उरलेल्या पाण्यात क्षार तेवढेच आणि पाणी कमी. ते मूळ पाण्याच्या दीडपट-दुप्पट जड होतं. हे पाणी फरशीला, गाडी धुवायला वापरा. अनंताला थेंबभरही नको.

घरी मोजायचं कसं

नर्सरीत मिळणारं दोन काट्यांचं, मातीत खुपसायचं मीटर घेऊ नका. मी दोन घेतली, दोन्ही एकाच कुंडीत वेगवेगळे आकडे दाखवतात. पेनसारखं डिजिटल मीटर घ्या आणि सोबत ६.८६ आणि ४ चं बफर द्रावण, म्हणजे ठरलेल्या सामूचं द्रावण, घ्या. महिन्यातून एकदा बफरमध्ये बुडवून मीटर जुळवलं नाही तर त्याच्या आकड्याला अर्थ नाही.

कुंडीच्या वरची दोन इंच माती बाजूला सारून मुळांच्या थरातली माती घ्या. २० ग्रॅम माती, ५० मिली डिस्टिल्ड पाणी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच पाणी चालतं, बॅटरीचं ॲसिड मात्र नव्हे, बाटली नीट वाचा. अर्धा तास अधूनमधून ढवळा आणि मग मोजा. आपल्याकडच्या माती परीक्षण प्रयोगशाळांतही १ ला २.५ हेच प्रमाण वापरतात, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्या रिपोर्टशी ताडून पाहता येतो. कोकोपीट हलकं असल्यामुळे तिथे वजनाऐवजी वाटीने मोजा, एक वाटी मिश्रणाला दोन वाट्या पाणी.

कोरड्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाकून बघणं तर पाच मिनिटांचं काम. मातीतून बुडबुडे आले, कानाशी नेल्यावर चरचर ऐकू आली, तर मातीतच मोकळी चुनखडी आहे. बांधकाम नुकतंच संपलेल्या सोसायट्यांत माती म्हणून जे मिळतं त्यात प्लास्टर आणि सिमेंटचा राडा असतोच. नव्या सिमेंटच्या कुंड्याही सुरुवातीला चुना सोडतात. त्या दोन-तीन आठवडे पाणी भरून, पाणी बदलत ठेवा, मग वापरा.

चुनखडीच्या मातीला गंधक पुरत नाही

"सामू उतरवायचा तर गंधक घाला" हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चुकीचा नाही, पण सगळ्या मातीला लागू नाही. गंधकाचं आम्ल करायचं काम मातीतले जिवाणू करतात, त्याला ऊब आणि ओल लागते आणि काही आठवडे ते महिने जातात. एक किलो चुनखडी मारायला ३२० ग्रॅम गंधक लागतं. आता १५ किलो मातीच्या कुंडीत ६ टक्के चुनखडी असेल तर चुनखडी झाली ९०० ग्रॅम, आणि गंधक लागेल २९० ग्रॅम. एवढं गंधक एका कुंडीत घातलं तर मुळं जळतील. म्हणून व्हिनेगरने फसफसणाऱ्या मातीशी झगडत बसू नका, ती माती काढून टाका. फसफस नसेल आणि सामू ७ ते ७.५ असेल तर १२ इंची कुंडीला एक छोटा चमचा, म्हणजे ४-५ ग्रॅम गंधक, वरच्या थरात मिसळा आणि तीन महिने थांबा. दर पंधरवड्याला पुन्हा घालायचं नाही.

आम्लप्रेमी झाडाची कुंडी मी अशी भरते: धुतलेलं कोकोपीट चार भाग, लाल माती तीन भाग, कुजलेल्या पानांचं खत दोन भाग, भाताचं तूस एक भाग. पॉलिहाऊसवालेही जरबेऱ्याच्या गादीवाफ्यांसाठी मुद्दाम लाल माती आणून भरतात. काळी माती यात मूठभरही नको. चुलीची राख, अंड्याची टरफलं, चुन्याची निवळी यांपैकी काहीच नको. हाडांचा चुराही नको, कारण त्यात कॅल्शियम असतं आणि जास्तीचा स्फुरद (फॉस्फरस) लोहाला आणखी अडवतो. वापरलेल्या चहाच्या चोथ्यात आम्लता जवळजवळ उरलेलीच नसते. खत म्हणून घाला, सामू त्याने उतरत नाही.

पाण्याचं काय केलं

पावसाचं पाणी हा यातला सगळ्यात खरा उपाय. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने त्याचा सामू ५.६ च्या आसपास असतो आणि बायकार्बोनेट जवळजवळ शून्य. पावसाळ्यात झाडं आपोआप हिरवी होतात त्यामागे हेच आहे. गच्चीच्या पन्हाळीखाली मी २०० लिटरचं पिंप लावलं. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्यायचं, मग भरायचं. तोंडाला जाड सुती कापड दोरीने आवळून बांधायचं, नाहीतर डासांची पैदास होते. दीड लिटरच्या हिशेबाने एका अनंताला हे पिंप सव्वाचार महिने पुरतं. दिवाळीला सुरू केलं की मार्च गाठतं. एप्रिल-मेमध्ये एसीचं पाणी असतंच. तेही हवेतल्या बाष्पाचंच झालेलं, म्हणून तितकंच हलकं. नळीखाली बादली ठेवा, सकाळी अनंताचं काम होऊन जातं.

पिंप ठेवायला जागा नसेल आणि झाडं एक-दोनच असतील तर पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, गार होऊ द्या, वरचं निवळ पाणी ओता. किटलीला खपली धरते ती याच क्रियेने: बायकार्बोनेटची चुनखडी होऊन ती तळाशी बसते.

सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, यावर माझं मत थोडं वेगळं आहे. माझ्या ३५० वाल्या पाण्याला १० लिटरमागे ३ ते ४ ग्रॅम लागतं. थोडं थोडं घालून ढवळायचं, तासभर वायू निघून जाऊ द्यायचा, मग मोजायचं. ६ आलं की पुरे. पण हा तात्पुरता आधार आहे. मातीतले सूक्ष्मजीव हे आम्ल खाऊन टाकतात आणि अडवलेलं कॅल्शियम शेवटी पुन्हा चुनखडी होऊन बसतं. व्हिनेगरचंही तसंच. म्हणून ते रोज घालण्यात अर्थ नाही. ज्या दिवशी लोह द्यायचं त्या दिवसाच्या पाण्यात घाला. मोठ्या बागायतीत नायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल वापरतात ते टिकतं, पण ती हाताळायला चष्मा, हातमोजे आणि सराव लागतो. घरात मुलं असताना मी ती आणणार नाही, तुम्हीही आणू नका.

त्यापेक्षा अमोनियम सल्फेट बरं. त्यातलं अमोनियम नायट्रेटमध्ये बदलताना मातीत आम्ल तयार होतं, आणि एक ग्रॅम अमोनियम सल्फेट साधारण १.१ ग्रॅम चुनखडी मारतं. दर पंधरा दिवसांनी अडीच ग्रॅम, म्हणजे अर्धा छोटा चमचा, दोन लिटर पाण्यात विरघळवून ओल्या मातीला द्यायचं. आठ महिन्यांत ४० ग्रॅम होतं, म्हणजे बोअरच्या पाण्याने आणलेल्या १०० ग्रॅम चुनखडीपैकी निम्म्याच्या जवळ जातं. उरलेलं पावसाचं आणि एसीचं पाणी सांभाळून घेतं. कोरड्या मातीत देऊ नका, आणि जास्त घातलं तर पानं माजतात, कळ्या कमी धरतात.

लोह कोणतं घ्यायचं

हिराकस स्वस्त आणि फवारणीला उत्तम. लिटरला ३ ते ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व, संध्याकाळी, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. खडे फिकट हिरवे असले पाहिजेत, पिवळसर-तपकिरी भुकटी झाली असेल तर ती घेऊ नका. द्रावण त्याच दिवशी वापरा. उमललेल्या फुलांवर पडलं की तपकिरी डाग पडतात, फरशीवरचे डाग तर निघतच नाहीत. मातीत मात्र हिराकस टाकून उपयोग नाही, विम्लधर्मी मातीत ते थोड्याच वेळात गंजासारखं होऊन बसतं.

मातीत द्यायचं तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं लोह (ईडीटीए, डीटीपीए, ईडीडीएचए ही त्या रेणूंची नावं), आणि इथे पाकिटावरची बारीक अक्षरं वाचणं फार गरजेचं. दुकानात सहसा हातात ठेवतात ते ईडीटीए, १२ टक्क्यांचं. सामू ६.५ च्या वर गेला की ते लोह सोडून कॅल्शियम धरतं. ८ सामूच्या कुंडीत तुम्ही ते महिनोन् महिने ओतलंत तरी झाडाला फार थोडं मिळेल. डीटीपीए साधारण ७.५ पर्यंत टिकतं. त्याच्या वर फक्त ईडीडीएचए, ६ टक्क्यांचं. ते महाग आहे, पण १२ इंची कुंडीला एक ग्रॅम पुरतं. पाण्यात टाकल्यावर गडद लालभडक रंग येतो. नर्सरीतून आणलेलं माझं "मायक्रोन्यूट्रिएंट" ईडीटीए होतं, हे मला तिसऱ्या वर्षी पाकीट उलटून पाहिल्यावर कळलं.

फरक पडला का हे जुन्या पिवळ्या पानांवरून ठरवू नका, त्यातली काही गळणारच. नवीन फुटव्याचं तिसरं-चौथं पान बघा. दोन-तीन आठवड्यांत ते हिरवं उमललं की गाडी रुळावर आहे. माझ्या अनंताच्या कुंडीचा सामू गेल्या मार्चमध्ये ६.२ होता, त्याआधीच्या मार्चमध्ये ७.९. कळ्या अजूनही काही सुटतात, पण त्याला मी आता सामूला दोष देत नाही. एखाद्या दिवशी पाणी चुकलं की अनंत कळ्या टाकतोच.

मे महिन्यात गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे झाडं असतात. त्यांच्यासाठी पिंपावर खडूने "फक्त अनंत आणि एक्झोरा" असं लिहून ठेवते, निघायच्या आदल्या दिवशी दोघांना एकेक ग्रॅम ईडीडीएचए देते, आणि आरओखालची बादली उचलून बाथरूममध्ये ठेवते.